दहावी ब च्या तीन अ‍ॅडमिनना खुलं पत्र (ग्रुपवर लिहिता येत नाही म्हणून इथे)

माननीय अ‍ॅडमिन मंडळ,
दहावी ब, १९९७ ची बॅच, मुक्काम पोस्ट व्हॉट्सअ‍ॅप.

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आपल्या ग्रुपवर काही लिहायला गेलं की खाली जिथे टाइप करायची पट्टी असायची तिथे आता "ओन्ली अ‍ॅडमिन्स कॅन सेंड मेसेजेस" एवढंच येतं, आणि त्याला आता पाच महिने होऊन गेले. त्यामुळे हे माझ्या फेसबुकच्या भिंतीवर लिहितेय. तुमच्यातले दोघं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत आणि तिसऱ्याला कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवेलच, तेवढी एकी बॅचमध्ये अजून शिल्लक आहे.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमची कराडची शाळा, वर्गात चौसष्ट टाळकी, त्यातली अठ्ठावन्न ग्रुपवर. वर्गात सात पाटील होते त्यामुळे पाटलांना गावावरून किंवा धंद्यावरून ओळखायचं असा आमचा रिवाज, म्हणजे पाटील उंब्रज, पाटील मसूर, पाटील मस्कत, पाटील डेअरी (त्याची डेअरी नाहीये, तो डेअरीला दूध घालतो) वगैरे. तर निवडणुकीच्या दिवसांत एका रात्री पावणेबाराला कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला, त्यावरून पाटील उंब्रज आणि पाटील डेअरी यांची जुंपली, एकमेकांचे बाप निघाले, साडेबाराला दोघंही ग्रुप सोडून गेले आणि पाऊण वाजता आपल्या मॉनिटरबाईंनी ग्रुपला कुलूप लावलं. "वातावरण निवळेपर्यंत तात्पुरते." वातावरण दुसऱ्याच दिवशी निवळलं हो. त्याच रविवारी दोघं हायवेवरच्या ढाब्यावर एकाच ताटात जेवताना दिसले, फोटो आहे माझ्याकडे. दोघांना परत ग्रुपवर घेतलं पण. कुलूप मात्र तसंच. तात्पुरतं हा शब्द सरकारी खात्यात चालतो तसाच तुमच्यात पण चालतो असं दिसतंय.

आणि मग तो नियमावलीचा मेसेज. "सदर ग्रुप हा फक्त महत्त्वाच्या निरोपांसाठी राहील. फालतू गप्पा पर्सनलवर कराव्यात." कराव्यात! अगं मॉनिटर, तू मुख्याध्यापिका झालीस त्याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे, सत्काराला मी स्वतः शाल आणलेली, पण हा मेसेज वाचून मला डायरेक्ट आठवी आठवली. सर बाहेर गेले की तू खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहायचीस आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायचीस, आणि नाव लिहिल्यावर पण जो बोलेल त्याच्या पुढे फुली. माझ्या पुढे एकदा अकरा फुल्या होत्या. पण एक सांग, तेव्हासुद्धा तू बोलणाऱ्यांची नावं लिहायचीस, सगळ्या वर्गाच्या तोंडाला पट्टी नाही लावलीस कधी.

आता तुमच्या महत्त्वाच्या निरोपांकडे येते. मी अकाउंट्सवाली बाई, मोजल्याशिवाय झोप येत नाही. कुलूप लागल्यापासून तुम्ही तिघांनी मिळून ७३ मेसेज टाकलेत. त्यात वाढदिवस ३१, केक आणि फुगेवाली तीच ती इमेज, नाव फक्त बदललेलं. श्रद्धांजली ९. रक्त हवंय असे ४. स्नेहसंमेलनाची वर्गणी भरा अशा आठवणी ११, आणि बेंगळुरूकर अ‍ॅडमिन साहेब, राहिलेले १८ हे तुमचे गुडघेदुखीवरचे, सूर्यनमस्कारावरचे आणि "हे नक्की वाचा" वाले फॉरवर्ड आहेत. म्हणजे ज्या फॉरवर्डवरून भांडण झालं ते फॉरवर्ड चालू, आणि ज्यांचा भांडणाशी काही संबंध नव्हता त्या गप्पा बंद. बरं आम्हाला उत्तर द्यायची सोय नाही, फक्त बदाम आणि अंगठे. परवा एका श्रद्धांजलीवर आपल्या एका मित्राच्या हातून चुकून हसरा चेहरा दाबला गेला. चष्मा नव्हता लावलेला त्याने. ते दिवसभर तसंच, नंतर कुणीतरी फोन करून सांगितल्यावर त्याने काढलं, पण "सॉरी रे, चुकून झालं" एवढं लिहायला त्या बिचाऱ्याला जागाच नव्हती! शेवटी तो त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आला. आणि त्यांना काही पत्ताच नव्हता, त्यांनी ग्रुप उघडलाच नव्हता महिनाभर.

विम्यावाल्या मित्रा, तुझं म्हणणं तू मला फोनवर सांगितलंस ते पण इथे घेते म्हणजे अन्याय नको. तू म्हणालास, "उद्या कुणी काही भलतं टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनला उचलतात, मला धंदा आहे, बायकापोरं आहेत." भीती मी समजू शकते. पण अरे, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगून टाकलंय की अ‍ॅडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय टाकणार हे तो आधी तपासू शकत नाही, त्यामुळे दोघांचं संगनमत असल्याशिवाय किंवा आधी ठरवून केलेलं असल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. केरळच्या हायकोर्टानेही २०२२ मध्ये तसंच म्हटलंय. आणि २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून उडवता येतो, दोन बोटांचं काम आहे. एक खिडकी गळते म्हणून कुणी अख्ख्या घराला ताडपत्री घालतं का? ज्यांना टिंग टिंग नको वाटतं त्यांच्यासाठी म्यूट आहे, पूर्वी वर्षभराचंच होतं, २०२० पासून कायमचं करता येतं. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी केलेलं आहे, आणि तरी रोज रात्री तेच लोक येऊन सगळं वाचतात, मला माहितीये.

फॉरवर्डच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, हे स्पष्टच लिहिते. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाहीये ती. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच माणसं जमावाने ठार मारली, पोरं पळवणारी टोळी आलीय एवढ्या अफवेवर. भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी लोक होते ते. त्या वर्षी देशभर तेच चाललेलं, फोनवरून फिरणारे ते व्हिडिओ आणि ते मेसेज. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. गंमत बघा, तुमचं हे लाडकं कुलूप, फक्त अ‍ॅडमिननी लिहायचं, ते पण साधारण त्याच सुमाराला आलं. मग कंपनीला जेवढा फरक कळला तेवढा तुम्हाला का कळू नये? फॉरवर्ड म्हणजे कुणी लिहिलं माहीत नाही, कुठून आलं माहीत नाही, खोटं निघालं तर कुणाला विचारायचं तेही माहीत नाही. गप्पांचं तसं नाही ना. "माझं इडलीचं पीठ फुगलं नाही" हे वाक्य जगात कुणी पाचशे लोकांना फॉरवर्ड केलेलं नाही. ते पीठ जिचं आहे तिचं घर, तिचा ओटा, तिची सासू आम्हाला माहीत आहे. तुम्ही नळ बंद करायला गेलात ते बरोबर, पण गटाराचा नळ चालू ठेवून पिण्याच्या पाण्याचा बंद करून आलात.

काल रात्री मी ग्रुपवर वर वर स्क्रोल करत गेले, मागच्या डिसेंबरातल्या एका साध्या मंगळवारपर्यंत. सकाळी ६.१० ला पाटील डेअरीचा मेसेज, "आज फॅट ६.९ लागली." बस. एवढंच. हा माणूस गेली कित्येक वर्षं रोज सकाळी म्हशीच्या दुधाची फॅट किती लागली ते अठ्ठावन्न लोकांना कळवतो, ज्यातल्या पन्नास जणांनी म्हैस जवळून बघून वीस वर्षं झाली असतील. आणि तरी ६.५ च्या खाली आली की लोक विचारतात, "काय रे, वैरण बदललीस काय?" मग पुण्याहून एकीचं ते इडलीचं पीठ. त्यावर चौतीस उत्तरं. मेथ्या घातल्या नसशील. मीठ आधी घातलंस का. भांडं गव्हाच्या डब्यात खोचून ठेव. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेव, ओव्हन लावू नको बाई. सोडा मार आणि विषय संपव (हा पाटील मसूर, त्याच्याकडे सगळ्यावर सोडा असतो). पाटील मस्कत म्हणाला, "आमच्याकडे पाठव, दोन तासांत उतू जाईल." न्यू जर्सीवाल्याची अजून सोमवारचीच संध्याकाळ चाललेली, त्याने विचारलं "उद्या कसा आहे रे, चांगला आहे का, येऊ का?" दहा वाजता तिने कळवलं की धिरडी केली. आणि संध्याकाळी धिरड्यांचा फोटो आला त्यात मागे तिच्या नवऱ्याचा प्लास्टरमधला पाय दिसला. "अगं हे काय झालं?" तर म्हणे आठ दिवस झाले, स्कूटरवरून पडले, तुम्हाला कशाला त्रास. आता सांगा, ही काय निरोप म्हणून टाकणार होती का अ‍ॅडमिनकडे? "कृपया ग्रुपवर टाकावे, आमचे हे पडले"? ती कधीच नसती बोलली. ते धिरड्यांच्या मागून बाहेर आलं.

आपला प्राध्यापक मित्र, जो समाजशास्त्र शिकवतो आणि ग्रुपवर फक्त क्रिकेटवर बोलतो, त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला यात नवीन काही नाही, मालिनोव्स्की नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ होता, पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आलेला, त्याने १९२३ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं पुष्कळदा काही सांगायला म्हणून बोलतच नाहीत, आपण एकमेकांबरोबर आहोत एवढं जमावं म्हणून बोलतात. मी म्हटलं त्यासाठी त्याला एवढ्या लांब जायची काय गरज होती, कराडच्या स्टँडवर बसायचं. "काय पाव्हणं, निघाला काय?" बॅग हातात आहे, गाडीत चढतोय, निघालाय हे दिसतंय की! तरी विचारायचं असतं. आणि समोरच्यानं पण "व्हय, निघालो" म्हणायचं असतं. कुणी तिथे "सदर प्रश्न फालतू आहे" असं म्हणत नाही.

२०१९ चा ऑगस्ट विसरलात का? सांगलीत पूर चढत होता, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. आपल्या ग्रुपवर दर तासाला एकच प्रश्न, "आयर्विन किती?" पण मला आठवतंय ते त्याच्या आधीच्या चार दिवसांतलं. आपली सांगलीवाली तेव्हा सासरी सोलापूरला, आणि ती थट्टेत लिहीत होती की आई गावभागात खालच्या मजल्यावर एकटी बसलीय, शेजारी वर या म्हणतायत तर म्हणते माझ्या लोणच्याच्या बरण्या खाली कशा सोडू. आम्ही हसलो, कुणीतरी लिहिलं बरण्यांना लाइफ जॅकेट घाला. मग पाणी एकदम आलं, लाइट गेली, आईचा फोन लागेना, हिची रडारड सुरू झाली, पण हिने काही सांगायच्या आधीच आम्हाला सगळं माहीत होतं, गल्ली माहीत, खालचा मजला माहीत, गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही ते माहीत. सांगलीतच राहणारा आपला एकजण बोटवाल्या पोरांना घेऊन सरळ दारात गेला. आई आल्या, एक बरणी पोटाशी धरून, लिंबाची. बाकीच्या गेल्या.

हे मी पुराचं आता पुढे करत नाही, पूर काय रोज येत नाही. आणि गप्पा चालू ठेवाव्यात कारण कधीतरी उपयोगी पडतात असंही मला म्हणायचं नाहीये, ते म्हणजे देवाला नवस बोलल्यासारखं झालं. उपयोगी नाही पडल्या तरी चालू पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट. पेप्सीकोलाचं भांडण तुम्हाला आठवत असेल. पेप्सीकोला म्हणजे बाटलीतला नाही, शाळेबाहेर मिळायचा तो, प्लास्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ, दाताने टोक तोडून चोखायचा, शर्टावर ओघळ यायचा आणि घरी मार. तर आपल्या वेळी तो चाराण्याला मिळायचा का आठाण्याला, यावर दोन दिवस रणकंदन झालं. दोन पार्ट्या पडल्या. २०० च्या वर मेसेज. कुणी आईला फोन करून विचारलं. कुणी म्हणालं चाराणे आता आहेत कुठे, २०११ मध्येच सरकारने बंद केले, पुरावा नष्ट. मॉनिटर, तू स्वतः आठाणे पार्टीत होतीस, रात्री साडेअकरापर्यंत भांडत होतीस, तेव्हा वेळेचं भान नव्हतं ते. आणि दुसऱ्या रात्री एका नंबरवरून मेसेज आला, डीपी नाही काही नाही, ज्याने ग्रुप झाल्यापासून एक अक्षर लिहिलं नव्हतं, आपण तर विसरलो होतो तो आहे म्हणून.

"साधा पंचवीस पैसे. दुधाचा पन्नास. दोघांचं बरोबर आहे. आमचे वडील विकायचे."

ग्रुपवर पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मला आठवतंय मी फोन हातात धरून नुसती बसले होते. पाच वर्षं आपण त्या गाड्यावरून घेतलं, त्या काकांना "काका, गोटीवाला द्या" म्हणालो, उधारी केली, आणि मागच्या बाकावर बसणारा आपल्याच वर्गातला मुलगा त्यांचा आहे हे चौसष्टातल्या एकालाही माहीत नव्हतं. तो मधल्या सुट्टीत गेटकडे कधीच का यायचा नाही ते आता कळलं. मग हळूहळू लोक लिहायला लागले. काकांचा गाडा निळा होता ना? हो. ते बर्फ भुशात ठेवायचे ना? हो. काका आहेत का रे? नाहीत, २००६ ला गेले. कुणीतरी लिहिलं माझी तीन रुपये उधारी राहिलीय त्यांच्याकडे, तर हा म्हणाला, "वहीत आहे. बघतो." आणि त्यावर जे हसलो आपण सगळे.

मग कळलं तो एसटीत कंडक्टर आहे. आणि मग काही जणांना आठवलं की २०२१-२२ चा तो एसटीचा लांबलेला संप चालू होता तेव्हा ग्रुपवर काय काय लिहिलेलं, "माज आलाय यांना" वगैरे, पाटील उंब्रजनेच लिहिलेलं, आणि हा ते सगळं वाचत होता गप्प. उंब्रजनं त्याच रात्री त्याला फोन केला. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही, मी विचारून बघितलं.

तो अजूनही फारसं लिहीत नाही. वर्षातून दोनदा. पण कुलूप लागल्यावर दीड महिन्याने मला त्याचा फोन आला, पहिल्यांदाच. त्याची ड्युटी बरेचदा मुक्कामी गाडीवर असते, पाटण तालुक्यातल्या डोंगरात, शेवटचं गाव. रात्री नऊला गाडी पोचते, जेवायचं, सीटवर अंथरूण टाकायचं आणि सकाळी पावणेसहाला तीच गाडी परत. तिथे रेंज नाही, फक्त देवळाच्या ओट्यावर येते, तीही एका कोपऱ्यात. तर हा जेवून ओट्यावर जाऊन उभा राहायचा, ग्रुपचे दिवसभराचे शंभर-दीडशे मेसेज उतरवून घ्यायचा आणि मग गाडीत येऊन आडवा पडून एक एक वाचायचा. ड्रायव्हर घोरत असतो म्हणे शेजारी. इडली, फॅट, न्यू जर्सीवाल्याचे टुकार विनोद, तुझी-माझी भांडणं, सगळं. पुरवून पुरवून वाचायचो, म्हणाला. मला विचारलं, "ग्रुप बंद पडला का? का मला काढलं?"

मला काढलं का, असं विचारत होता तो. दीड महिना तसंच समजून चाललेला. मी त्याला सेटिंग समजावून सांगितलं. तो म्हणाला बरं, मग ठीक आहे.

ठीक नाहीये.

आणि तुम्हाला वाटत असेल की निदान ग्रुप शांत झाला, तर एक बातमी देते. तुमच्या कुलपानंतर आपल्या बॅचचे सहा ग्रुप झालेत. मला माहीत असलेले सहा. "खरे दहावी ब", "मागचा बाक", "फक्त पाटील" (यात एक कुलकर्णी पण आहे, कसा ते विचारू नका), मुलींचा एक, मुंबईवाल्यांचा एक आणि एक ज्याचं नाव इथे लिहिण्यासारखं नाही आणि जो तुमच्याबद्दलच आहे. मी चारांत आहे. तीच बातमी चारदा वाचते आणि चारदा आश्चर्य दाखवते. बरं प्रत्येक ग्रुपवर वेगळे लोक, त्यामुळे कुणाला काय माहीत आहे हे लक्षात ठेवणं म्हणजे डबल एंट्री झालीय नुसती. आणि ज्याला एकातही कुणी घेतलं नाही तो देवळाच्या ओट्यावर उभा. पूर्वी निदान भांडण सगळ्यांसमोर व्हायचं आणि सोडवायला कुणीतरी असायचं, आता प्रत्येक पार्टी आपल्या ग्रुपवर दुसऱ्याबद्दल बोलते आणि स्क्रीनशॉट इकडून तिकडे जातात. आणि मॉनिटर, मुलींच्या ग्रुपवर काल रात्री सव्वाबारा वाजता "भरली वांगी करताना देठ ठेवायचे का काढायचे" यावर सतरा मेसेज कुणी टाकले ते मी या जाहीर पत्रात सांगणार नाही. पण ती व्यक्ती मुख्याध्यापिका आहे.

त्यामुळे मागणी साधी आहे. कुलूप काढा. फॉरवर्ड बंदी ठेवा, आम्ही पाळू, न पाळणाऱ्याचा मेसेज उडवा आणि फळ्यावर नाव लिहा, फुल्या मारा, माझ्या मी मोजून घेईन. राजकारणाला रात्री दहानंतर बंदी घातलीत तरी माझी हरकत नाही, उंब्रज आणि डेअरीला पण विचारलंय, त्यांची पण नाही. स्नेहसंमेलनाची वर्गणी मी अजून भरलेली नाही हे खरं आहे, ती कुलूप निघाल्याच्या दिवशी भरेन, याला तुम्ही ब्लॅकमेल म्हणा नाहीतर काहीही म्हणा. आणि कुणाला मेसेज फार होतात असं वाटत असेल तर त्याने म्यूट करावं आणि रात्री गुपचूप वाचावं, आजवर वाचत आलाय तसं.

उत्तर द्यायचं तर इथेच कमेंटमध्ये द्या, ग्रुपवर नको. तिथे तुम्ही बोलाल आणि आम्हाला बदाम द्यावा लागेल.

कळावे,
आपलीच,
अकरा फुल्यावाली, तिसरा बाक, खिडकीकडची

ता.क. पाटील डेअरीने सांगायला सांगितलंय, आज फॅट ७.१ लागली.